उपेक्षितांची ठरावीक यादी

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलांना अलीकडे एक असाइनमेंट बऱ्याचदा मिळते: पाठ्यपुस्तकाने नीट दखल न घेतलेला एखादा गोरेतर मानसशास्त्रज्ञ निवडा आणि त्याच्यावर लिहा. कल्पना मला मनापासून पटते. तिच्यावर तुटून पडणारेही तिकडे बरेच आहेत, त्यांच्याकडे पुढे वळेनच. माझी तक्रार वेगळी आहे. हे लेख ज्या साच्यात पाडले जातात त्या साच्यात माणसाचं जन्मगाव, त्याच्या हालअपेष्टा आणि त्याच्या पदव्या बसतात. त्याचं म्हणणं मात्र बाहेरच राहतं.

शोधायला बसलं की तीच नावं वर येतात: फ्रान्सिस सम्नर, इनेझ प्रॉसर, केनेथ क्लार्क, मेमी क्लार्क. मग 'पहिला कृष्णवर्णीय' किंवा 'पहिली कृष्णवर्णीय स्त्री' असं एखादं बिरुद, दोन परिच्छेद संघर्षाचे, आणि शेवटी त्यांचं कार्य आजही कसं प्रेरणादायी आहे ते. शिक्षक खूश, मूल मोकळं. आपल्याकडची जयंतीची भाषणं ऐकलेल्या कुणालाही हा सूर ओळखीचा वाटेल. मखरात बसवलेल्या माणसाशी वाद घालायची गरज उरत नाही, ही मखराची खरी सोय.

सम्नर यांचंच बघा. १९२० साली क्लार्क विद्यापीठातून ते मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन झाले, हे प्रत्येक लेखात असतं. त्यांना विद्यार्थी म्हणून घेणारे स्टॅन्ली हॉल हे काही वंश मानवजातीच्या पौगंडावस्थेत अडकले आहेत असं लिहून गेलेले गृहस्थ होते, हे थोड्या लेखांत असतं. आणि १९२०च्या दशकात सम्नर यांनी स्वतःच कृष्णवर्णीयांचं शिक्षण वेगळ्या वळणाचं असावं अशी, कृष्णवर्णीयांना आधी हातकामाचं शिक्षण द्या म्हणणाऱ्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या परंपरेतली मांडणी केली, हे जवळपास कुठेच नसतं. त्यांनी ती मनापासून केली की गोऱ्या देणगीदारांच्या दक्षिणेत टिकून राहायचं म्हणून केली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. विद्यार्थ्याने लिहायला हवं ते नेमकं यावर. पण ते लिहिलं की मखर हलतं.

इनेझ प्रॉसर यांच्या बाबतीत तर हे फारच उघड होतं. टेक्सासमध्ये शाळेत शिकवता शिकवता त्या पुढे शिकत गेल्या आणि १९३३ साली सिनसिनाटी विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट घेतली. पुढच्याच वर्षी मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. हळहळ वाटावी अशीच ही कहाणी आहे आणि म्हणून ती सांगितली जाते. प्रबंधाचा विषय होता कृष्णवर्णीय मुलांची अभ्यासाबाहेरची वाढ: संमिश्र शाळेत गेलेली मुलं आणि फक्त कृष्णवर्णीयांच्या शाळेत गेलेली मुलं यांची तुलना. निष्कर्ष असा की काही मुलांना वेगळी शाळाच अधिक मानवते. संमिश्र शाळेत त्यांच्यात न्यूनगंड आणि असुरक्षितता जास्त दिसते, तर आपल्या लोकांच्या शाळेत शिक्षकांशी आणि सवंगड्यांशी नातं चांगलं जुळतं. वीस वर्षांनी ज्या देशात वर्णभेदी शाळा मोडण्याचा निकाल लागला, त्या देशाच्या इतिहासात हा प्रबंध ठेवायचा कुठे? बहुतेक जण तो ठेवतच नाहीत. 'शिक्षणातील विषमतेवर मौलिक संशोधन केले' अशा एका वाक्यात गुंडाळून टाकतात.

आता क्लार्क दांपत्याच्या बाहुल्यांच्या प्रयोगाकडे येऊ, कारण तो सगळ्यांना माहीत असतो. मेमी फिप्स क्लार्क यांनी हॉवर्ड विद्यापीठात १९३९ साली पदव्युत्तर प्रबंध लिहिला तो कृष्णवर्णीय बालकांना स्वतःच्या वंशाची जाणीव केव्हा आणि कशी होते यावर. त्यातूनच नवरा-बायकोचं पुढचं काम उभं राहिलं. चार बाहुल्या, त्वचेचा आणि केसांचा रंग सोडला तर सारख्या. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या आणि दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. अंगावर फक्त लंगोट. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांना एकेक करून आत बोलवायचं आणि सांगायचं: तुला खेळायला आवडेल ती बाहुली दे. छान असेल ती दे. वाईट दिसते ती दे. मग गोऱ्या मुलासारखी कोणती, काळ्या मुलासारखी कोणती, आणि सगळ्यात शेवटी तुझ्यासारखी कोणती. बहुसंख्य मुलांनी खेळायला गोरी बाहुली निवडली आणि वाईट म्हणून तपकिरी दाखवली. शेवटच्या प्रश्नाला काही मुलं रडली, काही खोलीबाहेर पळाली. प्रश्नांचा हा क्रम किती विचारपूर्वक लावला होता ते यात दिसतं. 'तुझ्यासारखी' आधी विचारलं असतं तर पुढची सगळी उत्तरं त्या एका उत्तराला चिकटून आली असती.

१९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' खटल्यात शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्या निकालाच्या अकराव्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख आहे. मेमी यांचं नाव तिथे नाही. मुळात हा प्रकल्प मेमीचाच होता आणि आपण त्यात मागाहून शिरलो, असं केनेथ यांनी स्वतः पुढे सांगितलं आहे. अलीकडचे विद्यार्थी हा अन्याय आवर्जून लिहितात, आणि लिहायलाच हवा. पण १९४७ साली छापलेल्या मूळ निबंधात आणखी एक गोष्ट आहे, ती ते वाचतच नाहीत. त्यातली काही मुलं अर्कान्सॉच्या वर्णभेदी शाळांतली होती, काही मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डमधल्या संमिश्र शाळांतली. गोऱ्या बाहुलीची ओढ उत्तरेकडच्या, संमिश्र शाळांतल्या मुलांत अधिक निघाली.

हा निष्कर्ष प्रॉसर यांच्या प्रबंधाशेजारी ठेवा. चौदा वर्षांच्या अंतराने, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या पद्धतींनी काम करणाऱ्या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हाती एकाच दिशेचं काहीतरी लागलं होतं: मुलं नुसती एका इमारतीत आणून बसवली म्हणजे झालं असं नाही, तिथे त्यांच्याकडे कोण कसं बघतं हे महत्त्वाचं आहे. यावरून वर्णभेदी शाळा बऱ्या होत्या असं म्हणणं धादांत चूक ठरेल, क्लार्क दांपत्याने तसं कधी म्हटलं नाही. पण ब्राऊन निकालानंतर दक्षिणेत झालं काय? शाळा एकत्र करताना बंद पडल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या, आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलं गोऱ्या शाळेत गेली, त्यांना ओळखणारे शिक्षक मागे राहिले. प्रॉसर जिवंत असत्या तर याबद्दल बोलल्या असत्या की नाही ते कोण सांगणार, पण त्यांच्या प्रबंधात या धोक्याची चाहूल होती. चरित्रात्मक साच्यात प्रॉसर यांचं पान वेगळं, क्लार्क यांचं वेगळं, आणि दोन्ही पानं एकमेकांशी कधी बोलत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं: माणूस नंतर निवडा, आधी भांडण निवडा. पाठ्यपुस्तकातलं एक प्रकरण घ्या आणि ते छापून येण्याआधी त्याच्याशी कोण भांडलं होतं ते शोधा.

बुद्धिमापनाचं प्रकरण यासाठी उत्तम. कोणत्याही पुस्तकात फ्रान्समध्ये बुद्धिचाचणी काढणारा बिने येतो, ती अमेरिकेत रुजवणारा टर्मन येतो, मग पहिल्या महायुद्धात रॉबर्ट यर्क्स यांच्या पुढाकाराने सुमारे साडेसतरा लाख सैनिकांच्या घेतलेल्या चाचण्या येतात. त्या चाचण्यांच्या आकड्यांवरून कृष्णवर्णीय आणि दक्षिण-पूर्व युरोपातले स्थलांतरित जन्मतःच मंदबुद्धी आहेत असं पुस्तकंच्या पुस्तकं लिहून सांगितलं गेलं. १९२४ साली होरेस मान बाँड या जेमतेम विशीतल्या तरुणाने तेच आकडे राज्यवार मांडले. इलिनॉय, ओहायो या राज्यांतल्या कृष्णवर्णीय सैनिकांची सरासरी मिसिसिपी, अर्कान्सॉमधल्या गोऱ्या सैनिकांहून वर होती. म्हणजे चाचणी रक्त मोजत नव्हती, शाळा मोजत होती. १९२७ मध्ये तर त्यांनी 'द क्रायसिस' मासिकात कृष्णवर्णीय मुलांच्या चाचण्या घेणं हा मानसशास्त्रज्ञांचा घरबसल्या खेळ झाला आहे असं म्हणून त्या खेळाचे नियमच लिहून दिले: एक गोरा परीक्षक घ्यावा, काळ्या मुलांचा एक गट घ्यावा, गोऱ्या मुलांवर बेतलेली चाचणी घ्यावी, आणि सोबत थोडेसे पूर्वग्रह. संशोधनपद्धतीवर इतकं नेमकं आणि इतकं तिखट फार थोड्यांनी लिहिलं आहे.

या नियमांतला पहिलाच नियम हर्मन कॅनडी यांनी तपासायला घेतला. वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेजात शिकवणाऱ्या या माणसाचा निबंध १९३६ साली आला. प्रश्न साधा: परीक्षक कोणत्या वंशाचा आहे याने बुद्ध्यांक बदलतो का? गोऱ्याऐवजी कृष्णवर्णीय परीक्षक बसला तेव्हा कृष्णवर्णीय मुलांचा बुद्ध्यांक सरासरी सुमारे सहा गुणांनी चढला, आणि कृष्णवर्णीय परीक्षकासमोर गोऱ्या मुलांचा साधारण तेवढाच उतरला. कॅनडी यांनी यातून आकाशाला हात लावणारे निष्कर्ष काढले नाहीत. मूल आणि परीक्षक यांच्यात मोकळेपणा जुळला नाही तर आकडा विश्वासाचा नाही, एवढंच ते म्हणाले. तसल्याच एका प्रश्नावर, म्हणजे आपल्या गटाविषयीच्या समजाचं दडपण परीक्षेतली कामगिरी कसं बिघडवतं यावर, १९९५ साली क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरनसन यांचा निबंध आला आणि तो आता सर्वत्र शिकवला जातो. स्टीलही कृष्णवर्णीय आहेत आणि त्यांचं श्रेय रास्तच आहे. पण त्यांच्या मागे साठ वर्षांवर उभे असलेले कॅनडी वर्गात क्वचितच पोचतात.

याच सुमारास न्यू मेक्सिकोत जॉर्ज सँचेझ स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांसाठी हेच भांडण लढत होते. पहिलीतल्या ज्या मुलाने इंग्रजी शब्द ऐकलेलेच नाहीत त्याला तेच शब्द विचारायचे आणि उत्तर आलं नाही की बुद्धी कमी म्हणायचं, हा कुठला न्याय? आणि चाचणीचं नुसतं भाषांतर केलंत तरी भागत नाही, कारण तिच्यामागचा अनुभव मुलाजवळ हवा, असंही ते सांगत होते.

ही सगळी मंडळी एका ओळीत लावली की पुढच्या घटना आपोआप उलगडतात. मेमी क्लार्क यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत नवऱ्यासोबत मुलांच्या मानसिक तपासणीचं नॉर्थसाइड केंद्र काढलं, तेव्हा शाळेने मतिमंद ठरवलेली मुलं आईबाप तिथे घेऊन येऊ लागले. नीट तपासल्यावर त्यांतली बरीच मुलं तशी निघाली नाहीत. कॅलिफोर्नियात 'लॅरी पी. विरुद्ध राइल्स' खटल्यात कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या चाचण्या पुन्हा घेतल्या आणि आकडे वर गेले. १९७९ साली न्यायालयाने कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गात टाकण्यासाठी बुद्ध्यांक वापरायला बंदी केली. बाँड यांच्या लेखापासून इथपर्यंत पंचावन्न वर्षं गेली. पाच वेगळ्या प्रेरणादायी चरित्रांतून हे कधीच दिसणार नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: विज्ञानात काम बघावं, कातडी कशाला? ऐकायला बिनतोड आहे. पण कॅनडी यांचा निबंध या आक्षेपाचंच उत्तर आहे. परीक्षक कोण आहे याने मोजमाप बदलत असेल, तर परीक्षकाच्या खुर्चीत कोणाला बसू दिलं गेलं हा प्रश्न विज्ञानाबाहेरचा राहत नाही. रॉबर्ट गथ्री यांनी १९७६ साली या विषयाचा कृष्णवर्णीय इतिहास लिहिला आणि पुस्तकाचं नाव ठेवलं, 'अगदी उंदीरसुद्धा गोरा होता'. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरावरचा हा विनोद आहे, पण त्यात वाचायचं बरंच आहे. मेमी क्लार्क यांनी कोलंबियात डॉक्टरेट केली ती हेन्री गॅरेट यांच्या हाताखाली. हे गॅरेट १९४६ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते, आणि व्हर्जिनियातल्या शाळाखटल्यात वर्णभेदाच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिले. ती साक्ष खोडायला त्यांची जुनी विद्यार्थिनीच उभी राहिली. त्याच असोसिएशनने २०२१ साली वंशभेदाला खतपाणी घातल्याबद्दल रीतसर माफी मागितली. कातडी बघू नका हा सल्ला त्या संस्थेला साठ-सत्तर वर्षं आधी मिळाला असता तर बरं झालं असतं.

दुसरा आक्षेप राजकीय आहे. फ्लोरिडाने २०२३ मध्ये कायदा करून सरकारी महाविद्यालयांना विविधता आणि समावेशनाच्या कार्यक्रमांवर सरकारी पैसा खर्च करायला मनाई केली, आणि तसले वारे इतरत्रही वाहत आहेत. अशा वेळी मखरवाला लेख सगळ्यात आधी कापला जाणार, कारण तो अभ्यासक्रमाला वरून चिकटवलेला असतो. बाँड आणि कॅनडी बुद्धिमापनाच्या प्रकरणाच्या आत असतील तर त्यांना काढायला प्रकरणच फाडावं लागेल.

अमेरिकेतल्या मराठी घरांतही ही असाइनमेंट पोचते. गोरेतर म्हटलं की भारतीयही आलेच, मग इकडच्या नातेवाइकांना विचारणा होते की एखादं आपलं नाव सुचवा. गिरींद्रशेखर बोस सुचवता येतात. १९२२ साली कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढून त्यांनी फ्रॉइडशी पत्रातून मतभेद मांडले होते. पण या निमित्ताने मला विचारायचं आहे ते इकडच्या वर्गांना. मी मानसशास्त्र शिकवते. 'बीकेटी', म्हणजे बिने-कामत बुद्धिचाचणी, हा शब्द क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतो. मुलाचा बुद्ध्यांक किती, त्याला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळेल की नाही, हे अनेक ठिकाणी आजही याच चाचणीवर ठरतं. यातले बिने कोण हे वर्ग घडाघड सांगतो. कामत कोण म्हटलं की माना खाली.

व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची मोजपट्टी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बेतली. त्यावरचा त्यांचा निबंध १९३४ साली शिक्षण-मानसशास्त्राच्या ब्रिटिश नियतकालिकात आला आणि पुस्तक १९४० मध्ये ऑक्सफर्डने काढलं. म्हणजे सँचेझ न्यू मेक्सिकोत जे विचारत होते, ते त्याच दशकात मुंबई इलाख्यात कुणीतरी करून बघत होतं. हे मराठी मुलांवर झालेलं काम आहे, आणि आम्ही ते फक्त आद्याक्षरांत वापरतो. कामतांनाही मखरात बसवायला मी सांगत नाही. उलट त्यांच्याशी भांडायला हवं. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या मुलांवर काढलेली मानकं आजच्या मुलाला लावायची का, हा प्रश्न तज्ज्ञ अनेकदा उपस्थित करतात आणि तरी चाचणी सुरूच राहते. कॅनडींचा प्रश्नही इथे विचारायचा राहूनच गेला आहे. मेळघाटातल्या घरी कोरकू बोलणाऱ्या मुलासमोर शहरी मराठीत बोलणारा परीक्षक बसतो, आडनाव विचारतो, मग चाचणी सुरू करतो. त्या मुलाचा आकडा कशाचा आकडा आहे? अमेरिकेत आपलं मूल गोरेतर म्हणून मोजलं जातं याचं भान आपल्याला चटकन येतं. इथे परीक्षकाच्या खुर्चीत बहुधा आपणच असतो, हे तितकं चटकन येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता भारतीय ज्ञानप्रणाली अभ्यासक्रमात आली आहे. मानसशास्त्राच्या वर्गात ती बहुतेक पतंजली, गीता, त्रिगुण अशी येते. पतंजलीशी माझं वैर नाही. पण दोन हजार वर्षं मागे उडी मारताना मधले कामत पायाखालून निसटतात, आणि निसटतात ते सोयीचंच असतं. योगसूत्रांवर प्रकल्प लिहिताना जिल्हा रुग्णालयात उद्या कोणाला कोणतं प्रमाणपत्र मिळणार याचा विचार करावा लागत नाही. बिने-कामतवर लिहायचं तर करावा लागतो.

चाचणीतले प्रश्न बाहेर फोडायचे नसतात हा संकेत पाळूनही एका सत्रात दहा विद्यार्थी मिळून बरंच करू शकतात: १९३४चा निबंध मिळवून वाचणं, त्यात कोणत्या गावची, कोणत्या शाळांतली मुलं घेतली होती आणि कोणती घेतली नव्हती ते नोंदवणं, आजच्या चाचणी-पुस्तिकेतली मानकं त्याच्याशी ताडून बघणं, आणि ही चाचणी रोज वापरणाऱ्या दोन-तीन जणांना विचारणं की परीक्षक बदलला, भाषा बदलली तर अहवालात त्याची नोंद कुठे करतात. अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांत हे सहज बसतं.